बेसिनचे डाग घालवा, पण श्वास सांभाळून

आज आपण बेसिनच्या डागांबद्दल बोलणार आहोत. विषय लहान वाटेल, पण गटाच्या बैठकीत निघाला की प्रत्येकीला काहीतरी सांगायचं असतं. गावात आता बऱ्याच घरांच्या न्हाणीघरात बेसिन आलं आहे. बसवताना पांढरंशुभ्र असतं. वर्षभरात नळाखाली तांबडा ओघळ येतो, कडेला खरखरीत पांढरा थर धरतो आणि रोज घासूनही तो हलत नाही. मग घरात कार्य निघालं की दुकानातून ॲसिडची बाटली येते. आमचं सांगणं त्या बाटलीबद्दलच आहे. ती न आणताही बेसिन स्वच्छ होतं.

आधी डाग कशाचा ते बघू. बोअरचं पाणी खडकातून झिरपताना क्षार घेऊन येतं. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते हेच जड पाणी. बेसिनवरचा थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. असे रोजचे शेकडो थेंब एकावर एक वाळले की पांढरा थर तयार होतो. काही बोअरच्या पाण्यात लोह असतं. असं पाणी भरताना स्वच्छ दिसतं, हवा लागली की तांबूस होतं. तांबडा ओघळ त्याचा. तिसरा डाग काळपट-चिकट असतो. तो साबण, तेल आणि अंगाचा मळ मिळून होतो. म्हणजे डाग बहुतेक वेळा पाण्याचे असतात. त्यावरून घरातल्या बाईला कुणी आळशी म्हणू नये.

आता उपाय. चिकट मळाला सोडा लागतो, क्षाराला आणि लोहाला आंबट लागतं. तांब्या-पितळेची भांडी आपण चिंचेने घासतो, तीच ही युक्ती.

पहिल्यांदा भांड्याच्या साबणाने बेसिन धुऊन घ्या. चिकट मळ असेल तर खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून लेप करा, जुन्या टूथब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. मळाचा थर निघाल्याशिवाय आंबट खालच्या क्षारापर्यंत पोचत नाही.

मग कपभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवा. ते किराणा दुकानात मिळतं. नसेल तर व्हिनेगर चालतं, किंवा चिंचेचा घट्ट कोळ. जुन्या सुती कपड्याचा तुकडा त्यात भिजवून डागावर पसरा आणि तासभर तसाच राहू द्या. वाळत आला तर वरून पुन्हा पाणी शिंपडा. नंतर काथ्याने किंवा टूथब्रशने घासा आणि धुवा. जुना थर एका वेळेत जाणार नाही. दोन-तीन दिवस लागोपाठ करा. इथे काम वेळ करते, मनगट नाही. नळाच्या चकचकीत तोटीवर मात्र फडकं दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, तिची चकाकी जाते.

सोडा आणि लिंबू एकत्र टाकून फेस काढण्याची पद्धत बऱ्याच जणी करतात. फेस छान दिसतो, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि शेवटी उरतं ते जवळपास साधं पाणी. म्हणून सोडा वेगळा आणि आंबट वेगळं, मध्ये धुणं.

लोखंडी तारेची घासणी आणि पॉलिश पेपर लांब ठेवा. चिनी मातीच्या बेसिनवर काचेसारखा गुळगुळीत थर असतो. त्यावर ओरखडे पडले की पुढचा मळ त्यातच रुतून बसतो. बेसिनखाली कडप्पा किंवा शहाबादी फरशी असेल तर आंबट तिच्यावर सांडू देऊ नका. हे दगड चुन्याच्या जातीचे. आंबटाने त्यांची चमक जाते.

आता ॲसिडकडे येऊ. ते क्षार लगेच खातं हे खरं. पण फरशीच्या सांध्यातलं सिमेंटही खातं, मग तिथून पाणी मुरतं. स्टीलच्या बेसिनला ते खड्डे पाडतं. त्याची वाफ बंद न्हाणीघरात नाका-डोळ्यांत जाते. त्याहून मोठा धोका ब्लिचिंग पावडरचा. ॲसिडने डाग गेला नाही म्हणून वरून ब्लिचिंग टाकलं, की क्लोरीन वायू सुटतो. हा विषारी वायू आहे, फुप्फुसाला इजा करतो. संडास धुण्याच्या बऱ्याच द्रावणांत ॲसिडच असतं, त्यामुळे त्यांच्याबरोबरही हेच होतं. लिंबूसत्त्व आणि व्हिनेगरसुद्धा ब्लिचिंगमध्ये मिसळायचं नाही. शिवाय लोहाचा तांबडा डाग ब्लिचिंगने जात नाही, उलट पक्का बसतो. ब्लिचिंग काळ्या बुरशीसाठी ठीक आहे. ते वापरायचंच असेल तर एकटं, वेगळ्या दिवशी आणि दार-खिडकी उघडी ठेवून.

चुकून असा वायू सुटला तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या. बादली आवरायला परत आत जाऊ नका. अंगावर ॲसिड उडालं तर भिजलेले कपडे काढा आणि वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटं धरा. डोळ्यात गेलं तरी तेच. वर हळद, सोडा, टूथपेस्ट काही लावू नका. कुणाच्या पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका. १०८ वर फोन करून दवाखाना गाठा.

बायकांवरच्या ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली. दुकानदाराने ओळखपत्र पाहून नोंद ठेवायची आणि १८ वर्षांखालच्या कुणाला ते द्यायचं नाही. तरी काही ठिकाणी ते सुटं, कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून मिळतं. अशी बाटली घरात आली की लहान मूल ती पाणी समजून तोंडाला लावू शकतं. घरात असेल तर वरच्या फळीवर, चिठ्ठी लावून, कुलपात ठेवा.

शेवटी, डाग पुन्हा येऊ नयेत म्हणून दोन गोष्टी. एक, गळका नळ दुरुस्त करा. बहुतेक वेळा फक्त वायसर बदलावं लागतं. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला कित्येक लिटर पाणी जातं आणि ओघळ वाढतो तो वेगळाच. दोन, रात्री शेवटचा हात धुणाऱ्याने बेसिन कोरड्या फडक्याने पुसायचं. थेंब वाळलाच नाही तर क्षार बसणार कुठे? हे काम घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही करायचं. बेसिन सगळेच वापरतात.

पुढच्या गटाच्या बैठकीत लिंबूसत्त्वाचं एक पाकीट आणून सगळ्याजणींनी मिळून एक बेसिन करून बघा. एकदा डोळ्यांनी पाहिलं की ॲसिडची बाटली आपोआप बंद होईल.