आलेखाची सूची : रंगांमागील माणसे

दरवर्षी या अहवालात रुग्णसेवेचे तक्ते व आलेख प्रसिद्ध करण्याची आपल्या न्यासाची परंपरा आहे. गतवर्षीचा अहवाल घेऊन एका बालकाचे आजोबा आमच्याकडे आले. नवजात शिशू विभागाच्या आलेखावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हा लाल स्तंभ म्हणजे बरी झालेली बाळे, की गेलेली?" शेजारच्या चौकटीत लाल रंगापुढे केवळ 'गट ३' असे छापलेले होते. आकडे अचूक होते. परंतु ज्यांच्यासाठी ते छापले, त्यांनाच ते वाचता येत नव्हते. ही उणीव सर्वस्वी आमची होती. ती दूर करण्यासाठी यंदा काय केले, हे आपणांपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

सूचीचे महत्त्व

शालेय भूगोलातील नकाशाच्या कोपऱ्यात सूची असते. तिच्यावाचून नकाशा म्हणजे नुसत्या रेघा. आलेखाचेही तसेच आहे. याचा उत्तम दाखला रुग्णसेवेच्या इतिहासातच सापडतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली क्रिमियन युद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या मृत्यूंचा पाकळ्यांसारखा आलेख प्रसिद्ध केला. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या, जखमांचे लाल व अन्य कारणांचे काळ्या रंगात होते. एवढे सांगून त्या थांबल्या नाहीत. प्रत्येक रंगाचे क्षेत्रफळ मध्यबिंदूपासून मोजावे, आणि नोव्हेंबर १८५४ च्या लाल पाकळीवरील काळी रेघ अन्य कारणांच्या मृत्यूंची सीमा दाखवते, हेही त्यांनी आलेखाशेजारीच लिहिले. त्यामुळे जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे सत्य वाचकाला नि:संदिग्धपणे समजू शकले.

चूक कोठे होते?

आमचे आलेख 'आर' या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत तयार होतात. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी विकसित केलेली ही भाषा विनामूल्य असल्याने न्यासावर तिचा भार पडत नाही. तिच्यातील 'जीजीप्लॉट२' हे साधन सूची आपोआप तयार करते; मात्र नोंदी भरताना सोयीसाठी वापरलेली लघुनावे व सांकेतिक अंकच ते सूचीत उतरवते. मजकुराच्या स्वरूपातील गटांना ते वर्णानुक्रमे लावते. संगणकाला अर्थ ठाऊक नसतो. तो आपणच पुरवावा लागतो.

यंदाचे बदल

सर्वप्रथम, सांकेतिक अंकांऐवजी 'बरी होऊन घरी गेलेली', 'अन्य रुग्णालयात पाठविलेली', 'दगावलेली' असे स्पष्ट शब्द योजले आहेत.

दुसरे, प्रत्येक नावापुढे रुग्णसंख्या दिली आहे. समजा, एका गटातील ४ बाळांपैकी १ दगावले, तर मृत्यूचे प्रमाण २५ टक्के. दुसऱ्या गटातील ४० पैकी ४ दगावली, तर १० टक्के. केवळ स्तंभांची उंची पाहणाऱ्यास पहिल्या गटातील उपचार निकृष्ट वाटतील; वस्तुत: ४ बाळांवरून असा निष्कर्ष काढता येत नाही. ही संख्या हाताने लिहिली, तर नोंदींत दुरुस्ती झाल्यावर आलेख बदलतो आणि सूची जुनीच राहते. म्हणून मूळ नोंदी मोजूनच सूचीचा मजकूर तयार करण्याची आज्ञा संगणकाला दिली आहे.

तिसरे, सूचीतील नावांचा क्रम आलेखातील रेषांच्या वरून खाली येणाऱ्या क्रमाशी जुळवला आहे. जेथे रेषा थोड्या आहेत, तेथे नाव थेट रेषेच्या टोकाशी लिहिले आहे.

चौथे, लाल व हिरव्या रंगांतील भेद काहींना, विशेषत: पुरुषांना, जन्मत:च ओळखता येत नाही. म्हणून मासाताका ओकाबे व केई इतो या जपानी शास्त्रज्ञांनी सुचविलेली रंगमाला वापरली आहे. २०२० पासून ती 'आर'मध्येच उपलब्ध आहे. शिवाय रेषांचे प्रकारही वेगळे ठेवले आहेत, जेणेकरून कृष्णधवल प्रतीतही अर्थ हरवू नये.

पाचवे, 'नोंद उपलब्ध नाही' हा गट सूचीत स्वतंत्र दाखविला आहे. नोंद नसणे म्हणजे शून्य नव्हे. उपचारानंतर पुन्हा न आलेल्या रुग्णास बरा झालेला समजणे ही स्वत:चीच फसवणूक ठरेल.

आपणांस विनंती

या बदलांमुळे काही आलेख पूर्वीइतके सुबक दिसत नाहीत, आणि आमच्या काही उणिवाही अधिक ठळक झाल्या आहेत. तथापि देणगीचा विनियोग कोठे व्हावा हे विश्वस्त या आलेखांवरून ठरवतात, आणि कुटुंबीय त्यांत आपल्या माणसाविषयीची आशा शोधतात. कोणताही आलेख पाहताना 'हे कोण, कितींपैकी किती, आणि कोणत्या काळातील?' हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. सूचीतून उत्तर न मिळाल्यास आम्हांस नि:संकोच कळवावे. त्या आजोबांच्या एका प्रश्नाने हा अहवाल सुधारला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.