खून झाला, पण हत्यार कुठे गेलं?

मित्रांनो, अशा एका ग्रहाची कल्पना करा बरं! माणसं फक्त २०,००० आणि यंत्रमानव २० कोटी. म्हणजे दर माणसामागे १०,००० नोकर! पण इथली माणसं एकमेकांना शक्यतो भेटतच नाहीत. समोर दुसऱ्याची हुबेहूब प्रतिमा उमटते, तिच्याशीच बोलायचं. एका खोलीत बसायचं म्हटलं, की त्यांना शिसारी येते.

हा ग्रह म्हणजे सोलारिया. तिथं एका शास्त्रज्ञाचा खून होतो आणि हत्यार गायब! त्याच्या जवळ जाऊ शकणारी एकच व्यक्ती : त्याची बायको ग्लॅडिया. साहजिकच संशय तिच्यावर. तपासाला पृथ्वीवरून येतो एलायजा बेली. आयझॅक असिमॉव्ह यांच्या 'द नेकेड सन' (१९५७) या कादंबरीची ही सुरुवात.

विज्ञानकथांचे नामवंत संपादक जॉन कॅम्बेल यांना वाटे, की विज्ञानकथा आणि रहस्यकथा यांचं जमणारच नाही. का? तर अडचण आली, की हेर खिशातून एखादं नवंच यंत्र काढणार आणि गुन्हेगार पकडणार! मग वाचकानं डोकं कशाला चालवायचं? असिमॉव्ह यांनी तोड काढली. त्यांनी नियम आधीच सांगून टाकले. त्यातला पहिला असा, की यंत्रमानव माणसाला इजा करत नाही.

आता डोकं चालवा! एका यंत्रमानवाला सांगितलं, "ही पूड सरबतात घाल." दुसऱ्याला सांगितलं, "हे सरबत पाहुण्यांना दे." पूड विषारी आहे, हे दोघांनाही ठाऊक नाही. नियम मोडला का? बेलीही असाच विचार करतो. खुनी कोण, ते मात्र मी सांगणार नाही हं!

आणि प्रेम? तेही त्या ग्रहाच्या रिवाजातूनच उमलतं. बेली आणि ग्लॅडिया यांच्यात हळूहळू ओढ निर्माण होते. निरोपाच्या वेळी ती हातमोजा काढते आणि त्याच्या गालाला हात लावते. बस्स, एवढंच! पण जिथं स्पर्शाचीच किळस, तिथं हे केवढं मोठं धाडस! पृथ्वीवर घडलं असतं, तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

तेव्हा दोस्तांनो, तुम्हीही एखादं नवं जग रचून पाहा. नियम एकच ठेवा. त्या नियमामुळे तिथं कोणतं गुपित दडेल आणि कोणती माया फुलेल, ते शोधा. गोष्ट आपोआप सुचेल!