नवा मेंदू, जुने हातपाय

साताऱ्याला माझ्या मामांचा छोटा छापखाना होता. १९९६ साली त्यांनी खिळ्यांच्या केशी आणि ट्रेडल मशीन मोडीत काढले आणि त्या जागी एक करड्या रंगाची पेटी आणून ठेवली. पॉवर मॅकिंटॉश ७५०० असे तिचे नाव. ॲपल कंपनीने हे यंत्र १९९५ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणले होते. त्याचा प्रोसेसर पॉवरपीसी ६०१ या जातीचा होता आणि तो सेकंदाला दहा कोटी ठोक्यांनी, म्हणजे १०० मेगाहर्ट्झने चाले. खिळे जुळवण्यात जन्म गेलेल्या मामांना तो वेग पहिली दोन वर्षे अद्भुत वाटला. पुढे लग्नपत्रिकांवर रंगीत गणपती आले, जाहिरातींत छायाचित्रे आली, आणि २००० च्या पावसाळ्यात मामा पडद्यावरचे फिरते घड्याळ पाहत बसलेले दिसू लागले. चहा मागवावा, तो येऊन प्यावा, कप परत जावा, तरी चित्र धूसर करण्याचे काम संपलेले नसे.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात इंग्रजी माहितीपत्रके वाचण्याचे काम माझ्याकडे असल्याने "अरे, याचे काय करायचे ते तू सांग," असे मामांनी फर्मावले. नवे यंत्र घ्यावे हे सरळ उत्तर होते, पण ते वाटते तितके सरळ नव्हते. एक तर पैसे. आणि पैशांहून मोठी अडचण म्हणजे कुलूप. आमच्या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरबरोबर प्लास्टिकची एक छोटी डबी आली होती. ती कीबोर्डच्या तारेत अडकवली नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नसे. ही डबी ज्या खाचेत बसे त्या खाचेचे नाव एडीबी. ॲपलने १९९८ च्या आयमॅकपासून ती काढायला सुरुवात केली होती, आणि २००० साली दुकानात मिळणाऱ्या जी-४ यंत्रात ती उरलीच नव्हती. आमचा स्कॅनर ज्या स्कझी खाचेत लागे तीही गेली होती. मधले सांधे विकत मिळत, परंतु आमचे कुलूप त्या सांध्यातून ओळखले जाईल अशी हमी द्यायला कुणी विक्रेता तयार होईना. थोडक्यात, नवे यंत्र घेतले असते तर स्कॅनर, कीबोर्ड आणि चार वर्षांचा मराठी मजकूर या सर्वांना दाराबाहेर ठेवावे लागले असते. त्या मजकुरात तीन दिवाळी अंक होते, एका वृद्ध गृहस्थांनी जमवलेला माणदेशी शब्दांचा संग्रह होता आणि आपल्या महाविद्यालयाची चार वार्षिके होती.

मार्ग निघाला तो त्या पेटीच्या रचनेतूनच. पुष्कळ संगणकांत प्रोसेसर मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, कायमचा डकवलेला असतो. ७५०० मध्ये तो एका वेगळ्या छोट्या कार्डावर बसवून ते कार्ड मदरबोर्डावरील खाचेत उभे केलेले होते. ७३००, ७६००, ८५०० आणि ९५०० या भावंडांतही हीच खाच होती. जुने कार्ड उपसायचे आणि नवे खोचायचे, एवढ्यावर मेंदू बदलता येत असे. अशी कार्डे बनवणाऱ्या सॉनेट, पॉवरलॉजिक्स, न्यूअर टेक्नॉलॉजी वगैरे अमेरिकन कंपन्यांचा धंदा त्या काळी जोरात होता. आम्ही मुंबईच्या एका विक्रेत्याकडून ४०० मेगाहर्ट्झचे जी-३ कार्ड मागवले. जी-३ म्हणजे १९९७ साली आलेला पॉवरपीसी ७५० हा प्रोसेसर.

आता येथे मला जी शंका आली ती वाचकांनाही येईल. मदरबोर्ड जुनाच, तो चाले ५० मेगाहर्ट्झने. मग ४०० चा प्रोसेसर त्याच्याशी जमवून कसा घेणार? खुबी अशी की या यंत्रांत मदरबोर्डाच्या मुख्य मार्गाचा ठोका प्रोसेसरच्या कार्डावरूनच दिला जाई. कार्डावरचा घटक ५० चा ठोका देतो आणि प्रोसेसर स्वतःच्या पोटात त्याची आठपट करतो. पन्नास आठे चारशे. मदरबोर्डाचा एक ठोका पडेपर्यंत प्रोसेसरचे आठ पडून जातात.

म्हणजे आठांपैकी सात ठोके तो हात चोळत बसणार? बसला असताच, पण त्यावर उपाय केलेला होता, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच. आपल्या स्वयंपाकघरात तिखट, मीठ, हळद, मोहरी थोडी थोडी मिसळणाच्या डब्यात काढून ठेवतात. तो डबा ओट्यावर हाताशी असतो. त्यातले संपले तर फळीवरचे डबे. तेही संपले तर आतल्या खोलीतली कोठी. आणि कोठीत खडखडाट झाला तर पिशवी घेऊन वाण्याकडे. संगणकाचेही तसेच. प्रोसेसरच्या पोटातच एक इवलासा साठा असतो, तो मिसळणाचा डबा. मदरबोर्डवरची मुख्य स्मृती ही कोठी, आणि हार्ड डिस्क म्हणजे वाणी. हातातली वस्तू आणि वाण्याची वस्तू यांत लागणाऱ्या वेळेचा फरक स्वयंपाकघरात शे-दोनशे पटींचा असेल, संगणकात तो लाखांच्या घरात जातो.

जुन्या ६०१ प्रोसेसरचा मिसळणाचा डबा ३२ किलोबाइटचा होता. जी-३ मध्ये हुकमांसाठी ३२ आणि माहितीसाठी ३२ असे दोन डबे होते. पण खरी करामत होती ती फळीची. आमच्या नव्या कार्डावर, प्रोसेसरला अगदी खेटून, एक मेगाबाइटचा वेगळा साठा होता आणि त्याच्याशी बोलण्यासाठी प्रोसेसरला मागच्या बाजूने खाजगी वाट दिलेली होती. या वाटेचा वेग २०० मेगाहर्ट्झ, म्हणजे मदरबोर्डाच्या चौपट. लागणारी बहुतेक सामग्री या फळीवर सापडली की प्रोसेसरला कोठीपर्यंत जावेच लागत नाही. जुन्या यंत्रात बसवलेला नवा मेंदू उपाशी राहत नाही तो या फळीमुळे. नुसता ठोक्यांचा आकडा वाढवून आणि फळी न देता कार्ड विकले असते तर गिऱ्हाइकाने ते तिसऱ्या दिवशी परत केले असते.

कार्ड बसवण्याचा दिवस मी चुकीचा निवडला. दिवाळी अंकाची पाने परवा द्यायची आणि आज मी पेटी उघडून बसलो. कार्डाबरोबरचे सॉफ्टवेअर आधी, जुन्या प्रोसेसरवरच चढवून घ्यावे असे पत्रकात लिहिले होते, तेवढे मी नीट केले. झाकण पुढे ओढून काढले, खटके दाबून डिस्कांचा सांगाडा वर उचलला, तेव्हा खाली मदरबोर्ड दिसला. अंगातली स्थिर वीज कार्डाला लागू नये म्हणून आधी पेटीच्या धातूला हात लावला. जुने कार्ड सरळ वर उपसले, नवे खोचले, सर्व पूर्ववत केले आणि कळ दाबली.

मॅकिंटॉश सुरू होताना एक सूर काढतो. तो निघाला नाही. पंखा फिरत होता, पडदा काळा होता. मामा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. मामींनी आतून विचारले, "झाले का रे?" त्यालाही कुणी उत्तर दिले नाही.

रात्री अकराच्या सुमारास मी पत्रक पहिल्यापासून वाचायला घेतले, तेव्हा दोन गोष्टी राहिल्याचे ध्यानात आले. मदरबोर्डावर एक बारीक गुंडी असते. प्रोसेसर बदलल्यावर ती दाबून धरायची असते, म्हणजे यंत्राने जपून ठेवलेली जुन्या कार्डाची खूण पुसली जाते. ती मी दाबलीच नव्हती. दुसरे असे की कार्ड एका टोकाला साधारण नखाएवढे वर राहिले होते. मोडेल या भीतीने मी ते पुरते दाबलेच नव्हते. अंगठ्यांनी दोन्ही टोके सारखी दाबल्यावर बारीकसा आवाज होऊन ते खाली बसले. गुंडी दाबली, कळ दाबली आणि सूर निघाला. मामांनी तेव्हा कुठे चष्मा काढला.

वेग वाढला का? वाढला, पण सगळीकडे नाही, आणि हे विक्रेते सांगत नाहीत. चित्र धूसर करणे, फिरवणे, रंग पालटणे ही कामे चहा येण्यापूर्वी होऊ लागली. स्कॅनर मात्र पूर्वीच्याच वेगाने सरके, कारण त्याचा दिवा आणि मोटर बदललेली नव्हती. मोठी फाइल डिस्कवर ठेवण्याची वेळ जवळजवळ तीच राहिली. फिल्म काढण्याला तर काहीच फरक पडला नाही, कारण ते काम दुसऱ्या गावच्या दुसऱ्या यंत्रावर होई.

हा हिशेब कागदावर मांडून पाहण्याजोगा आहे. समजा, एका पानाला ४० मिनिटे लागतात. त्यातली २४ प्रोसेसरच्या विचारात आणि १६ स्कॅनर, डिस्क वगैरेंच्या हालचालीत जातात. प्रोसेसर चौपट वेगवान केला तर २४ ची ६ मिनिटे होतात. १६ तशीच राहतात. एकूण २२ मिनिटे. मेंदू चौपट झाला, काम दुपटीलाही पोचले नाही. उद्या विचाराला शून्य वेळ लावणारा प्रोसेसर आणला तरी १६ मिनिटे सुटणार नाहीत, म्हणजे अडीचपटीच्या पलीकडे जाताच येणार नाही. जीन ॲमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हा विचार मांडला. त्याची चर्चा अनेक प्रोसेसर एकत्र जुंपण्यासंबंधी होती, पण नियम येथेही तंतोतंत लागू पडतो. तेव्हा जुन्या यंत्रात कार्ड बसवण्यापूर्वी घड्याळ घेऊन आठवडाभर बसावे आणि वेळ नेमका कुठे जातो ते टिपावे. डिस्कची अखंड कुरकुर ऐकू येत असेल तर प्रोसेसरवर पैसे न घालता स्मृती वाढवावी. आम्ही पुढे तीही वाढवली, आणि खरे सांगायचे तर मामांना कार्डाइतकाच तिचाही उपयोग झाला.

एकदा मात्र नवे कार्ड जुन्यासारखेच रांगू लागले. कामाला ठेवलेल्या मुलाने कुठल्याशा फाँटची भानगड सोडवण्यासाठी शिफ्ट कळ दाबून यंत्र सुरू केले होते. अशाने बाहेरून चढवलेले सर्व सहायक प्रोग्रॅम बंद राहतात. कार्डावरची फळी उघडणारा प्रोग्रॅम त्यांपैकीच एक. जुन्या यंत्राला या फळीची ओळखच नसते, ती दर वेळी करून द्यावी लागते. फळी बंद, म्हणून प्रत्येक चिमूट मिठासाठी कोठीपर्यंत पायपीट.

अशी कार्डे मॅकिंटॉशपुरतीच होती असे नव्हे. १९८० साली मायक्रोसॉफ्टने ॲपल-२ साठी सॉफ्टकार्ड काढले. त्यावर झेड-८० हा परक्या घराण्याचा प्रोसेसर होता. वेग हा त्याचा हेतू नव्हता. ॲपलला सीपीएम नावाची दुसरी भाषा बोलता यावी आणि वर्डस्टारसारखे प्रोग्रॅम चालावेत यासाठी ते होते. इंग्लंडमध्ये एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रो या शालेय संगणकाला दुसरा प्रोसेसर जोडण्यासाठी मुद्दाम एक खाच ठेवलेली होती. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेला पहिला एआरएम प्रोसेसर १९८५ च्या एप्रिलमध्ये हाती आला, तेव्हा त्याची चाचणी या खाचेतूनच बीबीसी मायक्रोला जोडून झाली. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये जो प्रोसेसर आहे तो याच घराण्यातला. म्हणजे जगभर पसरलेल्या या कुळाचा मूळ पुरुष एका शाळकरी संगणकाचा पोटभाडेकरू होता! आणि आता तर उलटी गंमत चालू आहे. अमिगा ५०० या जुन्या संगणकाचा ६८००० प्रोसेसर काढून त्या जागी पायस्टॉर्म नावाची पाटी आणि तिच्यावर रास्पबेरी पाय बसवतात. त्यातला एआरएम प्रोसेसर आपण ६८००० असल्याची बतावणी करतो आणि अस्सलापेक्षा कितीतरी वेगाने करतो.

आमच्या कार्डाने मामांना आणखी सहा वर्षे दिली. त्याची मर्यादा उघडी पडली ती वेगात नव्हे. २००१ च्या मार्चमध्ये ॲपलने मॅक ओएस टेन आणले आणि मुळात जी-३ घेऊन जन्मलेल्या यंत्रांनाच ते अधिकृतपणे दिले. मागाहून मेंदू बदललेल्यांना नाही. रायन रेम्पेल यांच्या एक्सपोस्टफॅक्टो या प्रोग्रॅमने अनेकांनी ती अट चुकवली. आम्ही त्या वाटेला गेलो नाही, कारण मामांचे कुलूप जुन्या व्यवस्थेतच उघडत होते.

मामा आता नाहीत. पेटी माझ्याकडे आहे आणि गेल्या मे महिन्यापासून मी तिच्यातला माणदेशी शब्दसंग्रह बाहेर काढतो आहे. हे काम नुसती नक्कल करून होत नाही. त्या काळच्या फाँटांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत, त्यामुळे आजच्या संगणकावर तो मजकूर निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. प्रत्येक चिन्हाचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. त्यात ऱ्हस्व वेलांटी फार छळते. जुन्या पद्धतीत ती दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली आहे, युनिकोडला ती अक्षरानंतर हवी. रफाराचे दुखणे याच्या नेमके उलट. हे अदलाबदलीचे काम मी आजच्या संगणकावर करतो, पण मूळ मजकूर कुलूप उघडून त्या जुन्या पेटीतूनच काढावा लागतो. संग्रह 'भ'पर्यंत आला आहे.

कुणाच्या घरी असे यंत्र माळ्यावर पडले असेल तर ते उतरवून आधी मदरबोर्डावरची छोटी लिथियम बॅटरी काढून टाकावी. ती फुटून गळली की पाटीचे तांबे खाते, आणि मग कोणतेही कार्ड बसवून उपयोग होत नाही. आमच्या पेटीतली मी २०१४ साली काढली, तेव्हा तिच्या एका टोकाला पांढरी बुरशी धरू लागली होती.