ड्रॉइंग कुठलं खरं?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठीतल्या चुका पोटात घाला!

सुट्टीत कोल्हापुरातल्या एका साईटवर ट्रेनिंगला होतो. आर्किटेक्टने जिन्याची जागा बदलली. नवं ड्रॉइंग इंजिनिअरच्या मोबाईलवर आलं, मिस्त्रींच्या हातात मात्र जुनाच कागद. बांधून झालेली सगळी सळई सोडावी लागली. ठेकेदाराने मिस्त्रींची दोन दिवसांची हजेरी कापली. चूक त्यांची होती का?

यावरचा उपाय म्हणजे 'कॉमन डेटा एन्व्हायर्नमेंट'. नाव मोठं, कल्पना साधी. सगळी ड्रॉइंग्ज एकाच ठिकाणी ठेवायची. साईटला फक्त शेवटचं मंजूर ड्रॉइंग दिसतं, जुनं बाजूला पडतं. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. २०१८ साली निघालेल्या आयएसओ १९६५० या मानकात हीच पद्धत आहे.

हे फक्त परदेशात चालतं असं समजू नका. नागपूर मेट्रोच्या कामात बेंटली कंपनीचं प्रोजेक्टवाइज वापरलं गेलं. जोडीला फाइव्ह-डी बिम, म्हणजे त्रिमितीय मॉडेललाच वेळापत्रक आणि खर्च जोडलेला. तिथे २०१९ मध्ये मेट्रो धावू लागली.

आता चार मजली अपार्टमेंटला एवढं कुठलं परवडणार? पण त्यातली शिस्त फुकट आहे. प्रत्येक ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर आणि तारीख टाकायची. जुना कागद परत घेतल्याशिवाय नवा द्यायचा नाही. आणि बदल झाला की मिस्त्रींना आधी सांगायचं, कारण सळई शेवटी तेच बांधतात.

उद्या आपणच साईट इंजिनिअर होणार आहोत. तेव्हा कुणाची हजेरी आपल्यामुळे बुडू नये, एवढंच!