पोटात रंगली कबड्डी!

सांग बरं, तुझ्या पोटात किडन्या किती? दोन! शाब्बास. आता ऐक. काही माणसांच्या पोटात चक्क तीन किडन्या असतात!

थाप नाही हं! एखाद्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, की डॉक्टर त्याला दुसऱ्या कुणाची तरी चांगली किडनी बसवतात. पण जुन्या किडन्या बहुतेक वेळा काढतच नाहीत! त्या पाठीच्या बाजूला आपापल्या जागी राहतात. नवी बसते पुढे, खाली ओटीपोटात. २ अधिक १, झाल्या की ३!

किडनी दिसायला मुठीएवढी, पण काम बघ! मोठ्या माणसाच्या दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात जातं. शू होते फक्त दीड-दोन लिटर!

तर नवी किडनी आली, कामाला लागली. सगळे खूश! मग पोटात कबड्डी कशाला?

तुला कबड्डी माहीत आहे ना? परक्या जर्सीचा गडी रेष ओलांडून आपल्या अंगणात आला, की आपण काय करतो? धरा! पकडा! सोडू नका!

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या टी-पेशी म्हणजे पकडीत पटाईत गडी. आणि शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर खुणा असतात. त्यांना म्हणतात एचएलए. हीच पेशीची जर्सी! टी-पेशी ती चाचपून बघतात. आपलीच आहे? जा पुढे. परकी आहे? घाला साखळी!

बिचारी नवी किडनी! तिच्या अंगावर असते ती देणाऱ्या माणसाची जर्सी. ती मदतीला आलीये, हे टी-पेशींना कुठं ठाऊक? त्या तुटून पडतात तिच्यावर. यालाच डॉक्टर 'रिजेक्शन' म्हणतात.

पण दोघांची जर्सी एकच असली तर? मग गंमतच! २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी रिचर्ड हेरिकला बसवली. दोघे हुबेहूब जुळे भाऊ! डॉक्टरांनी आधी एक युक्ती केली होती. एका भावाच्या कातडीचा छोटासा तुकडा दुसऱ्याला लावून बघितला. तुकडा छान टिकला! म्हणजे जर्सी एकच. नवी किडनी घेऊन रिचर्ड आठ वर्षं जगला. डॉ. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

पण जुळं भावंड सगळ्यांना कुठून मिळणार? म्हणून बाकीचे लोक रोज औषधं घेतात. त्यांनी टी-पेशींचा जोर कमी होतो. तरी कधी कधी त्या गुपचूप डाव साधतातच! आणि बहुतेकदा काही दुखतही नाही. मग कळणार कसं?

पहिली चाहूल रक्ताच्या तपासणीत लागते. आपल्या स्नायूंमधून क्रिएटिनिन नावाचा कचरा रक्तात येतो. किडनी तो बाहेर टाकते. रक्तात तो वाढला, म्हणजे किडनी दमलीये. पण कशानं दमली? टी-पेशींमुळे, की एखाद्या विषाणूमुळे? क्रिएटिनिन ते सांगत नाही! आणि उपाय तर अगदी उलटे. टी-पेशींचा हल्ला असेल तर औषध वाढवायचं. विषाणू असेल तर बऱ्याचदा कमी करायचं. चुकून चालणारच नाही!

म्हणून बायोप्सी करतात. जागा बधिर करून सुईनं किडनीचा शेवईसारखा बारीक तुकडा काढतात. त्याचे पातळ काप करतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

आता आले पंच! हे पंच म्हणजे पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर. ते काय करतात, ओळख बघू? चक्क पेशी मोजतात!

किडनीत लाखो बारीक नळ्या असतात. एका नळीच्या भिंतीत १ ते ४ पांढऱ्या पेशी घुसलेल्या दिसल्या? १ गुण. ५ ते १०? २ गुण. १० पेक्षा जास्त? ३ गुण! इथं गुण जास्त म्हणजे धोका जास्त. १९९१ मध्ये काही डॉक्टर कॅनडातल्या बान्फ गावी जमले आणि त्यांनी या नियमांचा पाया घातला. आज जगभरचे पंच हेच बान्फचे नियम पाळतात.

बरं, नुसतं 'किती' मोजून भागत नाही. 'कुठं' तेही बघायचं! रोहिणीच्या, म्हणजे किडनीत रक्त आणणाऱ्या वाहिनीच्या, आतल्या अस्तराखाली एकच पांढरी पेशी शिरलेली दिसली, तरी पंच शिट्टी फुंकतात. एकच हं!

काही गडी तर हल्ला करून पसार होतात! ही आहेत प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. ती पेशी नाहीत, पेशींनी बनवलेली प्रथिनं आहेत. किडनीतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांना ती चिकटतात, नुकसान करतात आणि निसटतात. पण पुष्कळदा मागे सी४डी नावाचा तुकडा घट्ट चिकटून राहतो. खास रंग लावला, की तो चमकून उठतो. मैदानाच्या मातीत पाऊल उमटलं, सापडला गडी!

टी-पेशींचा हल्ला पक्का झाला, की डॉक्टर शिरेतून जोरदार औषध देतात. वेळेवर कळलं, तर टी-पेशी बहुतेकदा मागे हटतात आणि किडनी पुन्हा कामाला लागते.

आता तर आणखी एक नवी तपासणी आलीये. किडनीच्या पेशी मेल्या, की त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात तरंगतात. हे तुकडे किडनी देणाऱ्याचे असतात, म्हणून वेगळे ओळखू येतात! ते वाढले की डॉक्टर सावध होतात. किडनीत सुई घालायच्या आधीच!

पण शेवटचा निकाल? तो अजूनही बहुतेकदा बायोप्सीच देते. आपल्या पंचांची नोकरी पक्की!