कृत्रिम हाताला स्पर्श कसा कळेल?

शर्टाचे बटण लावताना आपण बोटांकडे पाहत नाही. पकड किती घट्ट आहे, हे बोटेच मेंदूला कळवत असतात. विजेवर चालणारा कृत्रिम हात वापरणाऱ्याला ही सोय नसते. उरलेल्या हाताच्या स्नायूंतील क्षीण विद्युतसंकेत ओळखून हा हात उघडतो आणि मिटतो. पण मुठीत काय आले आहे, याचा निरोप परत जात नाही. अंडे उचलायचे तर नजर त्यावर खिळवून ठेवावी लागते.

हा परतीचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचवता येईल का? याचे उत्तर आपल्या कोपरात आहे. कोपराची आतली बाजू बाकाच्या कडेवर आपटली, तर झिणझिण्या येतात करंगळीत! करंगळीला काहीच झालेले नसते. तिच्याकडून येणारी चेता कोपरापाशी त्वचेच्या लगेच खालून जाते व धक्का त्या चेतेला बसतो. निरोप वाटेत कुठे सुरू झाला, हे मेंदूला कळत नाही. तो कोणत्या तंतूवरून आला, एवढेच कळते. पंजा गमावला तरी हे तंतू दंडात शिल्लक असतात. ते विजेने चेतवले, तर नसलेल्या बोटाला स्पर्श झाल्याचे जाणवते.

सिल्व्हेस्त्रो मिचेरा यांच्या गटाने २०१४ साली याच तत्त्वावरील प्रयोग प्रसिद्ध केला. रोम येथे एका व्यक्तीच्या दंडातील दोन चेतांमध्ये चार सूक्ष्म इलेक्ट्रोड बसवले होते. कृत्रिम बोटांतील संवेदक दाब मोजत आणि संगणक त्याचे विद्युतस्पंदांत रूपांतर करी. डोळे बांधलेले व कान बंद असतानाही वस्तू मऊ आहे की कठीण, हे त्या व्यक्तीला सांगता येऊ लागले.

पण स्पंद कसे द्यायचे, हाही प्रश्न आहे. त्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंड येथे डस्टिन टायलर यांच्या गटाला असे आढळले, की एकसारखे स्पंद दिल्यास नुसत्या झिणझिण्या येतात; स्पंदांचा जोर संथपणे कमीजास्त केला, की खऱ्या दाबासारखे वाटते. म्हणजे मेंदूला नुसती वीज पुरत नाही, त्याला ओळखीची लय लागते.

शस्त्रक्रिया टाळून त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवता येतात. मात्र तेव्हा संवेदना बहुधा त्या जागीच होते आणि तिचा अर्थ सरावाने शिकावा लागतो.

पायांबाबतही असेच प्रयोग झाले आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोघांच्या कृत्रिम पायाला अशी संवेदना जोडली. त्यांची चाल वेगवान झाली. एवढेच नव्हे, तर नसलेल्या पायात होणाऱ्या वेदनाही कमी झाल्या.

वर्गात विजेचा प्रयोग मुळीच करू नये. त्याऐवजी विद्यार्थ्यांना जाड लोकरी हातमोजे घालून, डोळे मिटून पेटीतून एकच काडी काढायला सांगा. हालचाल तीच, स्नायू तेच. मग काम का अडते, याचे उत्तर त्यांनाच शोधू द्या.