पेटीवाले बुवा आले नाहीत तर

चकलांब्याहून आम्ही भजनी मंडळाच्या बाया बोलतोय. आज गाणार कमी, सांगणार जास्त.

आमच्याकडं टाळाला हात भरपूर, पखवाजावरही एकीचा हात बसलाय. पेटी मात्र कायम दुसऱ्याच्या हातात. बुवा आले तर भजन, नाही आले तर एकादशीलाही नुसत्या टाळांवर भागवायचं. आले तरी ते त्यांच्या सवयीनं काळी एक धरणार. पुरुषाच्या गळ्याला ती सोयीची. आम्ही खाली गेलो की आवाज निघेना, वर गेलो की किंचाळायला व्हायचं. कित्येक वर्षं आम्ही समजून होतो, आपले गळेच बेसूर.

मग एकीच्या लेकाचा कॅसिओ माळ्यावर पडून होता, तो खाली काढला. शिकवायला कोणी नाही, सरगम लिहिलेली वाचता येत नाही. मग कानावरच शिकायचं ठरवलं. तसे शिकलेले मोठे लोकही आहेत. 1911 च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे पेटी बहुतांशी स्वतःच शिकले.

पहिलं काम, आपला सा शोधायचा. बाजा बंद ठेवून पाठ असलेलं भजन सगळ्यांनी सोयीच्या आवाजात म्हणायचं. भजन जिथं येऊन टेकतं, तो सूर लांबवायचा आणि एका बोटानं एकेक पट्टी दाबत जुळणारी शोधायची. जुळली की गळा कुठला नि बाजा कुठला कळत नाही. आमचा सा निघाला पांढरी पाच. बुवांच्या काळी एकपासून सहा पट्ट्या वर! त्या संध्याकाळी आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, “अगं, मला गाता येतंय की.”

मग चाल. एक ओळसुद्धा नको, निम्मीच घ्या. आधी म्हणा, मग वाजवा. स्वतःला एवढंच विचारा: सूर वर गेला, खाली आला, की तिथंच राहिला? बोट चुकलं तर घाबरू नका, बरोबरची पट्टी बहुतेक शेजारीच असते. पहिल्या ओळीला आम्हाला चार दिवस लागले. दुसरी एका बैठकीत आली, कारण भजनात तेच तुकडे फिरून फिरून येतात.

आता गंमत ऐका. काळ्या पट्ट्या दोन-दोन, तीन-तीनच्या झुपक्यांत असतात. तिनाच्या झुपक्यातली पहिली म्हणजे काळी तीन. तिला सा धरा आणि फक्त काळ्याच वाजवा: सा, रे, ग, प, ध. हे भूपाचे सूर. यात म नाही, नि नाही, म्हणून बोट कुठंही पडलं तरी कानाला खुपत नाही. आमचा सा एक पट्टी वर, म्हणून कॅसिओचं ट्रान्सपोजचं बटण एकनं वाढवलं. बोटं काळ्यांवरच राहिली. त्याच पाच पट्ट्यांत काळी एकला सा धरलात तर दुर्गाचे सूर मिळतात, काळी पाचला धरलात तर मालकंसाचे. घर तेच, उंबरा बदलला की वेगळं दिसतं.

दोन ओळींमधली जागा भरायलाही इथंच शिका. ओळीचा शेवटचा शब्द गायलात तसाच बाजावर वाजवा. पुढच्या खेपेला त्याचं शेपूट बदला. टाळाच्या ठोक्याला सा वर परत या, मधे काहीही करा. जात्यावर आपल्या आज्या हेच करायच्या. चाल ठरलेली, शब्द तिथल्या तिथं सुचलेले. 1996 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, माजलगावात, बायांच्या अशा ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामातून राज्यभरच्या लाखावर ओव्या जमा झाल्या.

एक मात्र खरं, ओवीतली घसरण बाजावर येत नाही. दोन पट्ट्यांच्या मधे सूर असतो, तिथं पट्टी नसते. याच तक्रारीवरून 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं राहिली. आणि आम्ही रेडिओवरच पेटीचं कौतुक सांगतोय! आमचा उपाय साधा: तेवढी जागा गळ्यानं घ्यायची, बाजानं तिथं गप्प बसायचं.

लाइट गेली तर कॅसिओ सेलवर चालतो, पण सेल महाग पडतात. पेटीला भाता पुरतो. म्हणून गटाच्या बचतीतून जुनी पेटी घ्यायचं चाललंय. पेटीवर ते बटण नाही, पांढरी पाचवरून पट्ट्या नव्यानं शोधाव्या लागतील.

दिवाळीनंतर आमच्यातल्या चौघी ऊसतोडीला जातात. यंदा त्यांनी पांढरी पाचचा लांब सा मोबाइलात भरून नेला होता. कोपीवर रात्री तो लावून म्हणायच्या. पाडव्याला परत आल्या तेव्हा बोटं अडखळत होती. सा मात्र बाजा उघडण्याआधीच चौघींनी धरला होता.